गोड्या पाण्याची कळशी

गाई दोन. पाडी एक. कोंबड्या अकरा, त्यांतली एक अंड्यांवर बसलेली, म्हणून तिची टोपली वेगळी. कुत्रा एक, मोती. तांदूळ सहा पायली, सुके बांगडे एक डबा, कुळथाचं पीठ, मीठ, मिरच्या, चहा-साखर. माडाच्या चुडतांचे झाप चोवीस, बांबू आठ, सुंभाची गुंडाळी एक. चटया पाच. रसिकाने वहीच्या मागच्या पानावर एकेक ओळ लिहून समोर बरोबरची खूण केली होती. आता शेवटची ओळ तेवढी राहिली होती. माणसं.

घरासमोरच्या खळ्यात बाबू गावकर खुर्ची टाकून गावाची यादी घेऊन बसला होता. खाजणवण्यात दर चौथ्या वर्षी मार्गशीर्षात गावपळण होते. देवाचा हुकूम सुटला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर पडतो. चुलीत विस्तव ठेवायचा नाही, गोठ्यात गुरं ठेवायची नाहीत, कोंबडं-कुत्रंसुद्धा मागे राहता कामा नये. ते तीन दिवस गाव देवाचा, आणि देवाबरोबर जे कोण फिरतात त्यांचा. माणसांनी व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, उघड्या सड्यावर झोपड्या घालून राहायचं. तिथली जागा माणसं मोजून मिळे.

"माणसां किती?" बाबूने विचारलं.

"पाच," रसिकाची सासू सुभद्रा म्हणाली.

"चार," तिचा धाकटा धनेश म्हणाला.

बाबूचं पेन तिथंच थांबलं.

"आये, तू, बाबा, वयनी आणि मी. चार झाली मां?" धनेशने बोटं दाखवली. "पाचवो खंयसून हाडलंस?"

"तू जल्माक येवच्या आदी ह्या घरात तीन माणसां होती. तेतूरलो तिसरो खंय गेलो, ता तूच सांग."

"खंय गेलो ता साऱ्या मालवणाक ठावक आसा. तुकाच तेवडा ठावक नाय."

"मालवणान बगलो तेका? तू बगलंस? बगलंस तर सांग, मी आताच चटई कमी करतंय."

धनेशने तोंड फिरवलं. कोपऱ्यात झाप बांधत बसलेल्या त्याच्या बापाने, गंगारामने, मारलेली गाठ सोडली आणि परत मारली.

"मी आपलो पाच लिवतंय," बाबू म्हणाला. "सडो काय माज्या बापाशीचो नाय. मोकळो आसा. चाय टाक गो रसिका, अजून सतरा घरां फिरूची आसत माका."

सात महिन्यांपूर्वी, वैशाख सरता सरता, अवेळी उठलेल्या वाऱ्यात सुभद्राचा थोरला, रसिकाचा नवरा विनीत ज्या बोटीवर होता ती बोट उलटली. पाचजण होते. तिघे पोहत बाहेर आले. चौथ्याचं शरीर चौथ्या दिवशी उत्तरेला लांब किनाऱ्याला लागलं. विनीतचं काहीच लागलं नाही, पायातली चप्पलसुद्धा नाही. तेव्हापासून घर अर्ध्यावर थांबल्यासारखं झालं होतं. धनेशसाठी पिंगुळीचे सोयरे दोनदा येऊन चहा पिऊन गेले होते. सुतक आहे की नाही हेच ज्या घराला माहीत नाही, तिथं मुलगी कशी द्यायची? भटजींनी सांगितलं होतं, दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो. सुभद्राने त्यांना दक्षिणा देऊन, पाया पडून वाटेला लावलं होतं.

रसिका कट्टा गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यातले सात महिने असे. तिची आई दर रविवारी नांदगावाहून फोन करायची आणि तिकडच्या तिकडेच रडायची. गळ्यातलं ठेवायचं की काढायचं, हे रसिकाला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. दर महिन्याला ती एकदा विनीतचा नंबर लावून बघे. तो संपर्काच्या बाहेर असे. मग ती तारीख लिहून ठेवी.

गावपळणीची तारीख ठरली त्या संध्याकाळी सुभद्राने तिला चुलीपाशी बसवून घेतलं.

"चेडवा, एक सांगतंय. हसा नको."

"हसूचंय नाय."

"माजी सासू सांगी. जो हरावलो, जेचा जिता-मेल्याचा कळना नाय, तेच्यासाठी गावपळणीत घरात पाणी भरून ठेवचा. गाव मोकळो झालो की मेलेलो माणूस आपल्या घराक येता. आणि खाऱ्या पाण्यात गेलेल्याक गोड्या पाण्याची तान आसता. तो इलो तर पिता. पाणी उतारता. जितो आसलो तर तो कित्याक येतलो? मगे पाणी आसा तसा ऱ्हवता."

रसिका हसली नाही. तिने चुलीतला निखारा चिमट्याने आत सारला. मग म्हणाली, "आये, पाणी आसा तसा कधीच ऱ्हवना नाय. तीन दिसांत हवेनच थोडा उडून जाता. तुमी बगशात, पाणी उतारला म्हणशात, आणि तो कदाचित खंयतरी जितो आसतलो."

सुभद्राच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"किती उडता?"

"भांड्यार आसा. मोजूक होया."

"मगे मोज."

"दोन कळश्ये ठेवया. सारके. एक तेच्यासाठी, एक नुसतो. नुसत्यातला जितक्या उतारात, तितक्या हवेन उडाला. तेच्यापरास दुसऱ्यातला जास्त उतारला, तर..." रसिका थांबली.

"तर तो इलो," सुभद्राने वाक्य पुरं केलं. मग फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "पण तेका कसा कळात, खंयचो तेचो आणि खंयचो नुसतो? दुसऱ्यातला पिलो तर?"

रसिका वही आणायला उठत होती.

"दुसऱ्यात खारा घाल," सुभद्रा म्हणाली. "खाडयेचा. ता तो तोंडाक लावचो नाय. खारा तो पोटभर पिलेलो आसा."

रसिकाने सासूकडे पाहिलं. शाळेत ती पोरांना तुलनेचं भांडं कसं मांडायचं ते शिकवायची. यापेक्षा चांगलं तिलाही सुचलं नसतं.

लग्नात रुखवतात आलेल्या दोन तांब्याच्या कळश्या माळ्यावर होत्या. एकाच कासाराच्या, एकाच मापाच्या. त्या खाली काढून तिने चिंचेने घासल्या, भरून एक रात्र-दिवस ठेवल्या. तोंडावर एक पट्टी आडवी ठेवायची आणि दुसरी तिच्या कडेने पाण्याला टेकेपर्यंत सरळ सोडायची, असं तिचं माप होतं. एका रात्री-दिवसात दोन्हीतलं पाणी एकेक मिलिमीटर उतरलं. गळत कुठलीच नव्हती. मग तिने विनीतचा पितळेचा पेला घेतला आणि कळशीतून एक पेला भरून काढला. सहा मिलिमीटर. परत भरली, परत काढला. सहाच.

विनीत समुद्रावरून आला की पायातलं पाणीही न पुसता उभ्याउभ्या दोन पेले प्यायचा. नेहमी दोन. "एक तानेचो," म्हणायचा, "आणि एक घराचो." रसिकाने पेला धुऊन पुसला. ते सहा मिलिमीटर तिने वहीत लिहिले, आणि पेल्यांचा हिशोब मात्र लिहिला नाही.

शेजारची एस्पेरांसा खाडीवरून खारं पाणी घेऊन आली. कमरेवर घागर, दुसऱ्या हाताने ढकलत आणलेली नातीची सायकल.

"घे गो बाये, तुजो समुद्र. नाताळाक आठ दिस ऱ्हवले, आणि मी केक सोडून चुडताखाली न्हिदूक चललंय. आमचो पाद्री इचारी, तुमी कित्याक जातास? मी म्हटलंय, फादर, देव माजो वेगळो, पण गाव एकच आसा. पावस पडल्यार माज्या घरार काय वेगळो पडता?"

"तुजी डुकरां खंय ठेवतलंस?" सुभद्राने विचारलं.

"बाबूच्या झोपडीच्या बाजूक. तेका वासाची सवय आसा."

सुभद्रा हसली. सात महिन्यांत ती अशी हसलेली रसिकाने पाहिली नव्हती.

धनेशला हे सगळं कळलं तेव्हा तो रागावला नाही, ते जास्त वाईट होतं. तो रसिकाला गोठ्याशी गाठून हळू आवाजात म्हणाला, "वयनी, तू शिकलेली आसस. तू तरी तिका समजावशीत म्हणान मी वाट बगी होतंय. आणि तूच पट्टी घेवन बसलंस?"

"ती मोजूक तयार आसा, भावजी. समजावच्यापरास ता बरा."

"तर मगे मोबाईल ठेवया चालू करून. क्यामेरो लावया. काय ता दिसात."

हे सुभद्राने ऐकलं होतं. ती कोंडा घेऊन मागेच उभी होती.

"गावात आपलो डोळो ठेवूचो नाय," ती म्हणाली. "डोळो ठेवूचो आसलो तर घर सोडूचा कित्याक? इस्वास अर्दो ठेवूक येना नाय, धन्या. जावचा तर सगळ्यांनी जावचा."

पळणीच्या दिवशी दुपारी ढोल वाजला. विजेचं मुख्य बटण गंगारामने खाली केलं. दारातून समोर दिसणाऱ्या देवखोलीत, चौरंगावर, दोन्ही कळश्या एकमेकींपासून हातभर अंतरावर ठेवल्या. गोड्या पाण्याच्या कळशीशेजारी विनीतचा पेला पालथा. रसिकाने दोन्हींचं माप घेतलं, तोंडापासून पाण्यापर्यंत पंचेचाळीस मिलिमीटर आणि पंचेचाळीस. सुभद्राने चाळणीने चौरंगाभोवती आणि दारापर्यंत रांगोळीचा पातळ थर धरला. उंदीर, मांजर, माणूस, कोणीही आलं तर पाऊल उठावं. खिडक्या लावल्या. दाराला कुलूप घातलं. चाव्या दोन, दोन्ही सुभद्राच्या कमरेला.

घर सोडताना घरच्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं असतं. गंगाराम उंबऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, आणि तिथंच थांबला. रस्त्यावरून गुरं चालली होती, पोरं ओरडत होती, कोणाचा तरी टेंपो भोंगा वाजवत होता.

सुभद्रा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा," ती म्हणाली, "आज तुज्या हुकमान आमी घर सोडून चललंव. भरलेला घर तुज्या हातात देतंव. म्हाराजा, माजो झिल, माजो विनीत, तुज्या मांडाखाली, मेलेल्यांत आसात तर तेका आपल्या घराक येवंदे. तेची तान भागवंदे. नसात तर पाणी हवेन उडाला तेवडाच उडंदे. तू जा सांगशीत ता मी मान वाकवून घेतलंय. मगे उलटो सवाल करूचंय नाय. रडान तुका तरास देवचंय नाय."

"व्हय म्हाराजा," गंगाराम म्हणाला.

"व्हय म्हाराजा," रसिका म्हणाली.

धनेशने बैलगाडीसारखा लादलेला सामानाचा हातगाडा उचलला, दोन पावलं गेला आणि मग पाठमोराच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सडा म्हणजे नुसता काळा जांभा दगड आणि त्यावर कंबरभर वाळलेलं गवत. संध्याकाळपर्यंत चाळीसेक झोपड्या उभ्या राहिल्या. चुली पेटल्या. पोरांना शाळा नाही, अभ्यास नाही. ती वाळक्या चुडतांचे पलिते पेटवून धावत होती. बायका एकमेकींच्या झोपड्यांत जाऊन एकमेकींची आमटी चाखत होत्या. बाबू गावकराने एस्पेरांसाच्या डुकरांना तीन वेळा शिव्या घातल्या आणि चौथ्या वेळी तिच्याकडून भाजलेला बांगडा घेऊन गप्प झाला.

सुभद्राच्या झोपडीत पाच चटया होत्या. पाचवी दाराशी, रिकामी. मोती त्यावर झोपायला आला तेव्हा तिने त्याला हाकललं नाही.

"तुका एक इचारू, सुभद्रे?" एस्पेरांसा पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली. तिचा नवरा आग्नेल वीस वर्षांपूर्वी असाच समुद्रावर गेला होता. "माजो सापडलो. फुगलेलो, तोंड वळखूक येय नाय असो, पण सापडलो. म्हणान मी रडलंय आणि मगे न्हिदलंय. तुजी न्हीद खंय आसा?"

"तेच्याकडे," सुभद्रा म्हणाली. "तो खंय आसा ता कळला की घेवन येतलंय."

दुसऱ्या दिवशी सूर्य समुद्राला टेकला तेव्हा वारा पडला. व्हाळापलीकडे गाव होता. माडांचे शेंडे, त्यांच्याखाली कौलं, आणि कौलांवर धूर नाही. रसिकाने तो गाव शेकडो वेळा पाहिला होता, पण धुराशिवाय कधीच पाहिला नव्हता. तिला वाटलं, शरीर तेच असतं आणि श्वास नसतो, ते असंच दिसत असेल. हे तिने कोणाला सांगितलं नाही. ती भाताचा टोप उतरवत होती. धनेश शेजारी लाकडं फोडत होता. गंगाराम गाईला पाणी दाखवत होता. सुभद्रा झोपडीच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

तेव्हा गावातून कुकारा आला.

दोन आखूड, एक लांब. खाडीच्या तोंडाशी बोट आली की विनीत तोंडाशी हात धरून असाच कुकारा घालायचा, म्हणजे घरी पाण्याचं तपेलं चुलीवर चढावं.

धनेशची कुऱ्हाड लाकडात रुतून राहिली. आजूबाजूच्या झोपड्यांतलं बोलणं थांबलं. एस्पेरांसाने कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली. मोती पाचव्या चटईवर झोपला होता. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

"मोर तो," बाबू गावकर लांबून मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटला नसावा, कारण तो परत म्हणाला, "मोर आसतलो."

रसिका मनात आकडे मोजत होती. तिची ती सवयच होती. चाळीसपर्यंत आली आणि दुसरा कुकारा आला. तसाच. दोन आखूड, एक लांब. कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या बाजूने, त्यांच्या घराच्या अंगाने.

टोप तिच्या हातातून सुटला. भात जांभ्यावर सांडला. ती पळत सुटली होती हे तिला व्हाळाच्या काठावर, शिवेच्या धोंड्यापाशी पोचल्यावर कळलं. धोंड्याला तेल-शेंदूर लावलेला होता. पलीकडे दहा पावलांवर वाट गावात वळत होती. मागून सुभद्रा येत होती. धावत नव्हती. चालत येत होती, आणि येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. तिने रसिकाचा हात धरला नाही.

"जा," सुभद्रा म्हणाली. "मी धरूचंय नाय तुका. तुजोय घोव तो."

"आये, तो जितो आसलो तर? कोणाच्यातरी बोटीन इलो आसलो तर? घराक कुलूप बगून..."

"जितो आसलो तर तिसरो कुकारो घालीत. जितो माणूस तीनदा हाक मारता. आणि घराक कुलूप दिसला तर हंय येतलो. तेका ठावक आसा, गावपळणीत गाव खंय आसता."

"आणि तिसरो इलोच नाय तर?"

"तर ओ देवची नाय." सुभद्राचा आवाज दगडासारखा सरळ होता. "तू गेलंस तर तुका कायतरी दिसात, नायतर काय दिसूचा नाय. पण मगे त्या पाण्याक इचारूक काय ऱ्हवात? चाळीस घरां देवाच्या बोलार उगड्यार न्हिदली आसत. मी माज्या झिलासाठी ता मोडलंय, तर तेका काय मिळाला? आणि देवाक काय तोंड दाखवू?"

रसिका धोंड्याच्या अलीकडे उभी राहून मोजत राहिली. शंभर. दोनशे. दिवस बुडाला आणि माडांचे शेंडे आभाळात मिसळले. तीनशेपर्यंत तिने मोजलं. तिसरा कुकारा आला नाही.

तेवढ्या वेळात तिने एकदाच सासूकडे पाहिलं. सुभद्राने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि दातांनी धरला होता. पोटातून येणारी ओ तिने तिथंच अडवून धरली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हाळावर धुणं धुताना रसिकाला त्या पदरात चार भोकं दिसली, दातांची, ओळीने. तिने पदर पिळून वाळत घातला. धनेश काठावर येऊन बसला. पाण्यात खडे टाकू लागला.

"वयनी, मिया आयकलंय तो," तो म्हणाला. "मोर नाय तो."

"मियाय आयकलंय."

"तुका काय होया? पाणी उतारूक होया की नको?"

रसिकाने विचार केला. ती खोटं बोलू शकली असती. "माका ठावक नाय, भावजी," ती म्हणाली. "पयल्या दिसासून मी इचार करतंय. उतारला तर तो गेलो. नाय उतारला तर मी अशीच. खंयचो आकडो माका होयो, ता माकाच कळना नाय. म्हणान माका वाटता, मीच मोजूक होया."

धनेशने हातातले उरलेले खडे खाली ठेवले. त्या दिवशी त्याने सुभद्राला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. रात्री पाचवी चटई त्यानेच अंथरली.

चौथ्या सकाळी गुरव आणि मानकरी तेवढे देवळात गेले. देवाला भिजवलेल्या पाकळ्या लावून कौल मागायचा, उजवी पडली तर गावाने परतायचं, डावी पडली तर आणखी एक दिवस बाहेर. सगळा सडा सामान बांधून देवळाच्या दिशेला कान लावून बसला. ऊन डोक्यावर आलं तरी ढोल वाजेना. पाकळ्या पडेनात. बायका कुजबुजू लागल्या. सुभद्रा गाठोड्यावर बसून होती, दोन्ही हात मांडीवर पालथे. साडेबाराच्या सुमाराला ढोल वाजला. उजवी.

गुरं पुढे, माणसं मागे. गावाच्या वाटांवर तीन दिवसांची पानं पडली होती, त्यांवर कोणाचं पाऊल नव्हतं. घरासमोर येताच रसिकाने कुलूप पाहिलं. होतं तसंच. गंगारामने दोन्ही गाई गोठ्यात बांधल्या. पाय धुऊन झाल्यावर सुभद्राने कमरेची चावी काढून कुलूप उघडलं, पण आत पाऊल टाकलं नाही. दारातच उभी राहून तिने वाकून रांगोळी बघितली. रसिकानेही बघितली. एका कोपऱ्यात पालीची नागमोडी रेघ होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, चौरंगापासून दूर. बाकी थर अखंड. खिडक्या बंद. पेला पालथाच.

"चेडवा," सुभद्रा म्हणाली, "माका आकडे वाचूक येनत नाय. तू जा सांगशीत ताच खरा. म्हणान आताच सांगून ठेवतंय. म्हातारेक बरा वाटूचा म्हणान एक रेघ इकडची तिकडे करू नको. तुका बरा वाटूचा म्हणानय करू नको. मी देवाक शबूद दिलंय."

"करूचंय नाय."

सुभद्रा उंबऱ्यावर बसली. गंगाराम तिच्या मागे, खांबाला टेकून. धनेश खळ्यात उभा होता. हातगाडा सोडवायचा विसरला होता. कुंपणापलीकडे एस्पेरांसा आपल्या घराचं दार न उघडता थांबली होती.

रसिकाने रांगोळीवरून आत जाऊन आधी खिडकी उघडली. उजेड दोन्ही कळश्यांवर सारखा पडला. तिने खाऱ्या पाण्याच्या कळशीवर पट्टी आडवी ठेवली, दुसरी सरळ सोडली, वाकून वाचलं. पट्टी पुसली. परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. वहीत लिहिलं. पट्टी पदराने कोरडी करून ती गोड्या पाण्याच्या कळशीकडे गेली. एकदा वाचलं. पट्टी पुसली. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा पट्टी तिरकी गेली म्हणून तिने ती काढून पुसली, आणि चौथ्यांदा वाचलं.

"सांग," उंबऱ्यावरून सुभद्रा म्हणाली.

"खारा पाणी तीन मिलिमीटर उतारला."

"आणि गोडा?"

"पंधरा."

रसिकाने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, रेघ मारली आणि वजाबाकी केली. फरक बारा मिलिमीटर होता. दोन पेले.